ग्लायडरच्या उड्डाणातले पहिले काही सेकंद इतके धोकादायक का असतात?

२३ मार्च २०२३ ची संध्याकाळ. झारखंडमधल्या धनबादच्या बरवाअड्डा धावपट्टीवरून एका छोट्या ग्लायडरनं उड्डाण केलं. आत दोघेच होते, पायलट आणि १४ वर्षांचा एक मुलगा. मुलगा नातेवाइकांकडे आला होता आणि वरून शहर कसं दिसतं ते बघायला निघाला होता. उड्डाणानंतर थोड्याच वेळात ग्लायडर धावपट्टीपासून साधारण ५०० मीटरवर असलेल्या एका घरावर आदळलं. दोघेही गंभीर जखमी झाले. घरातली माणसं थोडक्यात वाचली.

कॉकपिटमधून काढलेला त्या उड्डाणाचा व्हिडीओ नंतर हजारो फोनवर फिरला. सुरुवातीला खाली घरांची छपरं, झाडं आणि रस्ते दिसतात. मग अचानक सगळं जवळ येऊ लागतं आणि चित्र हलतं.

व्हिडीओ पाहणाऱ्या बहुतेकांना एकच प्रश्न पडला असेल. ग्लायडर तर तरंगण्यासाठीच बनवलेलं असतं, मग ते असं पडतं कसं? या प्रश्नाचं उत्तर उड्डाणाच्या पहिल्या काही सेकंदांत आणि धावपट्टीच्या आजूबाजूच्या जमिनीत दडलेलं आहे.

ग्लायडर म्हणजे नेमकं काय?

ग्लायडर म्हणजे लांब, सडपातळ पंखांचं हलकं विमान. मूळ ग्लायडरला इंजिन नसतं. उंचीवर सोडलं की ते हळूहळू खाली उतरत पुढे सरकत राहतं. गरम हवेचा वर जाणारा झोत सापडला, तर घारीसारखं गोल फिरत पुन्हा वरही चढतं.

उदाहरण म्हणून ‘एएसके २१’ घ्या. हे जर्मन बनावटीचं दोन आसनी ग्लायडर १९७८ साली पहिल्यांदा उडालं आणि आज जगभरातल्या क्लबांमध्ये शिकवणीसाठी वापरलं जातं. त्याच्या पंखांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी १७ मीटर आहे. शांत हवेत ते १ मीटर खाली येईपर्यंत जवळपास ३४ मीटर पुढे जातं. म्हणजे ३०० मीटर उंचीवर असाल, तर हिशेबानं १० किलोमीटर दूरचं मैदानही गाठता येईल.

म्हणूनच उंचीवर असलेलं ग्लायडर बऱ्यापैकी सुरक्षित असतं. इंजिन बंद पडायची भीती नाही, इंधन संपायची भीती नाही. पायलटकडे उंची असते आणि उंची म्हणजे विचार करायला वेळ. उड्डाण करताना नेमकी हीच गोष्ट त्याच्याकडे नसते.

काही ग्लायडर्सना छोटं इंजिनही असतं. त्यांना मोटर ग्लायडर म्हणतात. धनबादचं ग्लायडर याच प्रकारातलं होतं. ४ ऑक्टोबर २०२० रोजी कोचीत नौदलाचं असंच एक इंजिनवालं ग्लायडर नेहमीच्या सरावासाठी उडालं आणि तळाजवळच कोसळलं. त्यात नौदलाच्या दोन कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला.

इंजिन नाही, मग ते उडतं कसं?

मुख्य पद्धती दोन आहेत.

पहिली पद्धत विंचची. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या इंजिनाचं एक यंत्र असतं. त्यावर साधारण १ किलोमीटर लांबीचा दोर गुंडाळलेला असतो. दोराचं टोक ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात अडकवतात आणि विंच तो दोर वेगानं ओढून घेतो. मैदानात पतंग चढवताना दोरा भराभर ओढला की पतंग जसा वर जातो, तसंच हे काम चालतं. तीन-चार सेकंदांत ग्लायडर जमीन सोडतं आणि ३५ अंशांच्या आसपास नाक वर करून चढू लागतं. मिनिटभराच्या आत ते ३०० ते ४५० मीटरवर पोहोचतं. मग पायलट दोर सोडून देतो.

दुसरी पद्धत विमानानं ओढून नेण्याची. पुढे इंजिनवालं छोटं विमान, मध्ये ५०-६० मीटरचा दोर आणि मागे ग्लायडर. दोघं एकत्र धावतात आणि एकत्रच वर चढतात. ठरलेल्या उंचीवर ग्लायडरचा पायलट दोर सोडतो.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट सारखी आहे. ताकद दुसऱ्याच्या हातात आणि दिशा आपल्या हातात. विंच चालवणारा माणूस १ किलोमीटर लांब बसलेला असतो. ग्लायडरमध्ये काय गडबड झाली आहे, हे त्याला लगेच कळेलच असं नाही. म्हणून पायलटचा खरा ब्रेक म्हणजे कॉकपिटमधली पिवळ्या रंगाची मूठ. ती ओढली की दोर सुटतो.

धोका क्रमांक १ : पंखाचं टोक जमिनीला लागणं

बहुतेक ग्लायडर्सचं मुख्य चाक एकच असतं आणि ते पोटाखाली मध्यभागी असतं. उभं असताना ग्लायडर एका बाजूला कललेलं असतं. उड्डाणाच्या वेळी एक सहकारी पंखाचं टोक हातात धरून समतोल राखतो आणि काही पावलं सोबत धावतो. त्यानंतर समतोल पायलटला सांभाळायचा असतो.

वेग कमी असताना पंखांवरून पुरेशी हवा वाहत नाही. त्यामुळे पायलटनं स्टिक डावी-उजवीकडे हलवली तरी ग्लायडर लगेच ऐकत नाही. बाजूनं किंवा मागून वारा असेल, तर हा हतबलतेचा काळ आणखी लांबतो.

अशा वेळी एक पंख खाली गेला आणि त्याचं टोक गवतात अडकलं, तर काय होईल? दोर मधल्या भागाला पुढे ओढतोय आणि टोक जागीच थांबलंय. परिणामी ग्लायडर त्या टोकाभोवती गर्रकन फिरतं. विंचची ओढ जोरदार असेल, तर ते एका पंखावर उभं राहून उलटं आपटू शकतं. सुरुवात झाल्यावर सावरायला अक्षरशः क्षणभरही मिळत नाही.

म्हणून यावरचा उपाय ‘पंख सावरा’ असा नाही. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनचा नियम सरळ आहे. सुरुवातीपासून हात दोर सोडण्याच्या मुठीवर ठेवा. पंख समतोल राहत नाहीत असं दिसलं, तर टोक जमिनीला लागण्याआधीच दोर सोडा.

ऐकायला सोपं वाटतं. पण माणसाचा स्वभाव आड येतो. ‘एक सेकंद थांबू, जमेल’ असं प्रत्येकाला वाटतं. शिवाय दोर सोडला तर उड्डाण फुकट जातं, रांगेत पुन्हा उभं राहावं लागतं, मागचे हसतील अशीही भीती असते. अपघात याच एका सेकंदात होतो.

धोका क्रमांक २ : घाईनं नाक वर करणं

जमीन सुटली, आता वर जायचं. इथे दुसरा सापळा आहे.

चालत्या एसटीच्या खिडकीबाहेर हात आडवा धरला आणि थोडा तिरका केला की हात वर ढकलला जातो. फार तिरका केला की ती उचल संपते आणि हात नुसता मागे फेकला जातो. विमानाच्या पंखाचंही असंच असतं. हवेशी असलेला कोन एका मर्यादेपलीकडे गेला की उचल कोसळते. याला स्टॉल म्हणतात.

विंचवर एक गोष्ट आणखी घडते. दोर ग्लायडरला पुढे ओढतो, तसाच चढताना खालीही ओढतो. म्हणजे पंखांना ग्लायडरचं वजन अधिक दोराची ओढ असा दुहेरी भार उचलावा लागतो. भार वाढला की ज्या वेगाला स्टॉल होतो तो वेगही वाढतो. भार दुप्पट झाला, तर हा वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. एरवी ताशी ६५ किलोमीटरपर्यंत तग धरणारं ग्लायडर अशा वेळी ताशी ९२ किलोमीटरलाच हार मानू शकतं.

त्यात पायलटनं नाक झटक्यात वर केलं, तर भार क्षणभर आणखी वाढतो. एक पंख दुसऱ्याच्या आधी स्टॉल झाला की ग्लायडर हवेतच एका बाजूला कोलमडतं. जमीन तेव्हा जेमतेम काही मीटर खाली असते.

यावरचा उपायही आकड्यात सांगता येतो. जमीन सोडल्यावर आधी उथळ चढण ठेवायची, वेग पुरेसा आहे आणि वाढतो आहे याची खात्री करायची. मग सरळ उड्डाणापासून पूर्ण चढाईपर्यंत जायला किमान ५ सेकंद घ्यायचे. तेवढा संयम ठेवला, तर हा सापळा बराचसा टळतो.

धोका क्रमांक ३ : मध्येच दोर तुटणं

दोर तुटणं ही ग्लायडिंगमध्ये फार मोठी आपत्ती मानली जात नाही. उलट, गरज पडली तर तो तुटावा अशी सोय मुद्दाम केलेली असते. दोर आणि ग्लायडर यांच्यामध्ये धातूचा एक कमकुवत दुवा बसवतात. ताण ठरावीक मर्यादेबाहेर गेला की आधी तो तुटतो आणि ग्लायडरचे पंख वाचतात. घरातल्या फ्यूजचं काम तो करतो. वेगवेगळ्या ग्लायडर्ससाठी वेगवेगळ्या ताकदीचे दुवे असतात आणि चूक होऊ नये म्हणून त्यांना रंग दिलेले असतात.

खरी अडचण दोर तुटल्यानंतर येते. ग्लायडरचं नाक ३५ अंश वर असतं आणि ओढ अचानक शून्य होते. चढावर सायकलचं पॅडल मारणं थांबवलं की वेग कसा झपाट्यानं उतरतो, तसंच इथं होतं. पायलटला लगेच नाक क्षितिजाच्या खाली न्यावं लागतं.

इथवर बहुतेक जण बरोबर करतात. चूक पुढच्या पायरीवर होते. नाक खाली गेलं की डोळ्यांना आता आपण नेहमीसारखं उडतोय असं दिसतं. पण वेग अजून आलेला नसतो. तो वाढायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात पायलटनं वळण घेतलं किंवा उतरण्यासाठी एअरब्रेक उघडले, तर कमी वेगातलं ग्लायडर स्टॉल होऊन गिरकी घेतं. त्या उंचीवर गिरकीतून बाहेर पडायला जागा नसते.

म्हणून क्रम ठरलेला आहे. नाक खाली. काटा बघून सुरक्षित वेग येईपर्यंत वाट बघा. त्यानंतरच पुढचा निर्णय. समोर उतरण्यासारखी जागा असेल, तर सरळ समोर उतरा.

मागे वळायचं की समोर उतरायचं?

विमानानं ओढून नेताना दोर तुटला, तरी हाच प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत शिकवताना साधारण २०० फूट, म्हणजे ६० मीटर ही सीमा धरतात. त्याखाली असाल तर समोर, फार तर थोडं डावी-उजवीकडे बघून उतरायचं. त्यावर असाल आणि परिस्थिती ठीक असेल, तर मागे वळून धावपट्टीवर परतता येतं.

इंजिनवाल्या छोट्या विमानाला इतक्या खालून मागे वळणं जवळपास अशक्य असतं. ग्लायडर हळू खाली येतं म्हणून त्याला ते जमतं. तरीही हिशेब काठावरचाच असतो. ताशी ९० किलोमीटर वेगानं आणि ४५ अंश कलून अर्धवर्तुळ घ्यायला सुमारे ८ सेकंद लागतात आणि ग्लायडर मूळ रेषेपासून सव्वाशे मीटर बाजूला जातं. रेषेवर परत येण्यासाठी आणखी वळावं लागतं. जाताना समोरून असलेला वारा आता पाठीमागून येतो, त्यामुळे जमीन नेहमीपेक्षा वेगानं सरकताना दिसते. घाबरलेला पायलट ते बघून नाक वर ओढतो आणि उरलासुरला वेगही गमावतो.

यासाठी अनेक क्लबांमध्ये टेकऑफच्या वेळी उंची मोठ्यानं म्हणायची पद्धत आहे. ‘२०० फूट’ हे शब्द तोंडातून निघाले की डोक्यातला आराखडाही बदलतो. दोर तुटल्यावर विचार सुरू करायचा नसतो, तो आधीच झालेला असावा लागतो.

पुढच्या विमानाला काय धोका असतो?

ग्लायडर हलकं असल्यामुळे ते ओढणाऱ्या विमानाच्या आधी हवेत येतं. मागच्या पायलटला तेव्हा जमिनीपासून एक-दोन मीटरवर स्थिर राहायचं असतं. तो चुकून जास्त वर गेला, तर दोर पुढच्या विमानाची शेपटी वर खेचतो. शेपटी वर म्हणजे नाक खाली. हे सगळं कमी उंचीवर झालं, तर पुढच्या विमानाला सावरायला जागाच उरत नाही. चूक मागच्याची आणि जीव पुढच्याचा, असे अपघात जगभर झालेले आहेत.

पुढच्या पायलटकडेही दोर सोडण्याची सोय असते. पण घटना दोन-तीन सेकंदांत घडते आणि दोर ताणलेला असताना काही जुन्या प्रकारच्या हुकांमधून तो सुटता सुटत नाही. म्हणून ग्लायडर पायलटला पहिल्या दिवसापासून एक नियम शिकवतात. पुढचं विमान नजरेआड झालं, तर त्याच क्षणी दोर सोडायचा. आधी शोधाशोध करायची नाही.

खुणांमधला एक गोंधळही अनेकदा महागात पडला आहे. ओढणारं विमान पंख हलवून डुललं, तर अर्थ ‘ताबडतोब दोर सोड’. शेपटीचा उभा भाग डावी-उजवीकडे हलवला, तर अर्थ ‘तुझे एअरब्रेक तपास’. एअरब्रेक म्हणजे पंखांतून वर येणाऱ्या पट्ट्या. त्या उघडल्या की ग्लायडर झपाट्यानं खाली येतं. त्या नीट लॉक झाल्या नसतील, तर टेकऑफच्या वेळी आपोआप उघडतात.

आता कल्पना करा. एअरब्रेक उघडे आहेत, विमान कसंबसं ओढतंय. पुढचा पायलट शेपटी हलवून इशारा देतो. मागचा घाबरतो, खुणेचा अर्थ चुकीचा लावतो आणि दोर सोडतो. आता ओढ नाही, उंची नाही आणि ब्रेक उघडेच. खरं तर एक दांडा पुढे ढकलून लॉक केला असता, तर उड्डाण सुरळीत चाललं असतं.

इतक्या साध्या गोष्टी विसरल्या कशा जातात?

ग्लायडर अपघातांच्या अहवालांत यंत्र बिघडण्यापेक्षा साध्या विसरण्याच्या गोष्टी पुन्हा पुन्हा भेटतात.

एअरब्रेक लॉक केले नव्हते. कॅनॉपी, म्हणजे डोक्यावरचं पारदर्शक झाकण, नीट बंद नव्हतं. ते हवेत उघडलं आणि पायलट एका हातानं ते धरण्याच्या नादात ग्लायडर उडवायचंच विसरला. पुढच्या सीटवरचा पायलट हलका होता आणि वजनाच्या पट्ट्या ठेवल्या नव्हत्या, त्यामुळे तोल मागे गेला आणि नाक आपोआप वर उठलं.

सर्वात भीतीदायक प्रकार जोडणीचा आहे. ग्लायडर्स सुटी करून लांबट ट्रेलरमध्ये ठेवतात आणि उडण्याआधी पुन्हा जोडतात. जुन्या ग्लायडर्समध्ये शेपटीवरचा एलेव्हेटर हातानं जोडावा लागतो. कुणी मध्येच हाक मारली, फोन आला, चहा आला आणि ती एक पिन राहिली, तर बाहेरून सगळं नीट दिसतं. जमीन सुटल्यावर कळतं की स्टिक कशालाच जोडलेली नाही.

यासाठी उपाय म्हणजे दोन माणसांची तपासणी. एक जण बाहेर उभा राहून एकेक भाग हातानं घट्ट धरतो, दुसरा आतून स्टिक हलवून जोर लावतो. जोडणी असेल, तर बाहेरच्याच्या हाताला तो जोर जाणवतो.

त्यानंतर प्रत्येक उड्डाणाआधी ठरलेल्या क्रमानं यादी म्हणायची. नियंत्रणं, वजन, पट्टे, उपकरणं, फ्लॅप, ट्रिम, कॅनॉपी, ब्रेक. ब्रिटनमध्ये यादीच्या शेवटी आणखी एक शब्द असतो, ‘काही बिनसलं तर’. म्हणजे आज वारा कुठून आहे, दोर इथे तुटला तर मी कुठे उतरेन, तिथे तुटला तर कुठे, हे मोठ्यानं बोलायचं. यादी मध्येच तुटली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

यात धावपट्टीचा काय संबंध?

फार मोठा. ग्लायडरची धावपट्टी म्हणजे फक्त डांबराची किंवा गवताची पट्टी नाही. तिच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा आणि टोकापलीकडची जमीन हीसुद्धा सुरक्षेची साधनं आहेत.

गवत उंच असेल, तर पंखाचं टोक त्यात अडकतं. पावसानं जमीन भिजलेली असेल, तर चाक रुततं आणि वेग यायला उशीर होतो. बाजूला दुसरी ग्लायडर्स, गाड्या किंवा बघे उभे असतील आणि ग्लायडर दिशा सोडून तिकडे वळलं, तर एका अपघाताचे दोन होतात. विंचचा दोर जमिनीवर पडलेला असतो आणि कधीही ताणला जाऊ शकतो, म्हणून तो ओलांडणं किंवा त्यावर पाय ठेवणं सक्त मना असतं. भारतातल्या लहान धावपट्ट्यांवर यात गुरं, भटकी कुत्री आणि पलीकडच्या वस्तीत जायला पट्टीवरूनच निघालेले दुचाकीस्वार यांची भर पडते.

उन्हाळ्याचाही हिशेब असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटरवर आहे. मे महिन्यात तिथे पारा ४० अंशांवर असतो, तेव्हा तिथली हवा समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रमाणित हवेपेक्षा जवळपास १४ टक्के विरळ असते. पंखांना तेवढीच उचल मिळवायला जमिनीवरचा वेग सुमारे ८ टक्के जास्त लागतो. ओढणाऱ्या विमानाचं इंजिनही अशा हवेत दमतं. म्हणजे जानेवारीत पुरणारी धावपट्टी मे महिन्यात अपुरी पडू शकते.

आणि धावपट्टी संपल्यावर काय? ‘समोर उतरा’ हा नियम समोर शेत किंवा मैदान असेल तेव्हाच कामाचा. समोर गच्च्या, विजेच्या तारा आणि मोबाइल टॉवर असतील, तर सर्वोत्तम पायलटपुढेही चांगला पर्याय उरत नाही. धनबादचं घर धावपट्टीपासून फक्त ५०० मीटरवर होतं, हा तपशील म्हणून महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्राशी याचं नातं काय?

भारतातल्या ग्लायडिंगचा विषय पुण्याशिवाय पूर्ण होत नाही. हडपसरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे. विंचनं ग्लायडर आकाशात जाताना पाहणं हा अनेक पुणेकरांच्या लहानपणाचा भाग आहे. सर्वसामान्यांनाही तिथे थोडक्या पैशांत सफर करता येत असे. भारतानं स्वतःची ग्लायडर्सही बनवली. डीजीसीएच्या तांत्रिक केंद्रात आखलेलं ‘रोहिणी’ हे शेजारी-शेजारी बसायच्या दोन आसनांचं ग्लायडर १९६१ साली पहिल्यांदा उडालं आणि पुढे क्लबांमध्ये शिकवणीसाठी वापरलं गेलं.

पण हडपसर आता गावाबाहेर राहिलेलं नाही. सोसायट्या, आयटी पार्क आणि गोदामं चारी बाजूंनी वाढली आहेत. शहराच्या मधोमध इतकी मोकळी जमीन दिसली की ‘ही नुसती पडून आहे’ असं म्हणणारे भेटतातच. ग्लायडरच्या दृष्टीनं ती पडून नसते. दोर तुटलेल्या दिवशी उतरायला तीच लागते.

अपघात कमी करता येतात का?

येतात, आणि याचं ठोस उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. तिथे १९२९ साली स्थापन झालेली ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशन क्लबांचं काम बघते. विंचवरच्या उड्डाणांत दरवर्षी त्याच त्याच प्रकारे माणसं मरत आणि जायबंदी होत आहेत, हे तिच्या लक्षात आलं. जुन्या अपघातांचा अभ्यास केल्यावर दिसलं की कारणं मोजकीच आहेत : पंखाचं टोक टेकणं, घाईनं नाक वर करणं आणि ओढ गेल्यावर वेग न येताच वळणं.

ऑक्टोबर २००५ मध्ये असोसिएशननं सुरक्षित विंच उड्डाणाची मोहीम सुरू केली. त्यासाठी नवं यंत्र आणलं नाही की नवी ग्लायडर्स घेतली नाहीत. मोजके नियम सोप्या शब्दांत पत्रकांवर छापले, क्लबांमध्ये लावले आणि प्रशिक्षकांना पुन्हा शिकवले. वर आलेले ‘हात मुठीवर’, ‘किमान ५ सेकंद’ आणि ‘वेग येईपर्यंत थांबा’ हे नियम त्यातलेच. पुढच्या वर्षांत विंचवरचे जीवघेणे आणि गंभीर अपघात लक्षणीय प्रमाणात कमी झाले.

दुसरी सवय मैदानावरची. चांगल्या क्लबमध्ये टेकऑफ थांबवण्याचा अधिकार फक्त प्रशिक्षकाला नसतो. पंख धरणारा, दोर लावणारा, नुसता बघत उभा असलेला नवखा, कुणालाही काही खटकलं तर तो ‘थांबा’ म्हणू शकतो. ते ऐकलं की उड्डाण थांबतं. कारण चुकीचं निघालं, तरी त्याला कुणी बोल लावत नाही.

सफरीला जाणाऱ्यानं काय विचारावं?

ग्लायडर, मोटर ग्लायडर किंवा पॅरामोटरच्या सफरीच्या जाहिराती आता इन्स्टाग्रामवर सहज दिसतात. बसायच्या आधी पाच प्रश्न विचारायला हरकत नाही.

१. या यंत्राची नोंदणी आणि उडण्यायोग्य असल्याची कागदपत्रं चालू आहेत का? पायलटकडे प्रवासी नेण्याचा परवाना आहे का?

२. माझं वजन विचारलं का? विचारलं नसेल, तर तोलाचा हिशेब कुणी केला?

३. पट्टे कसे लावायचे, कॅनॉपी कशी उघडायची आणि कशाला हात लावायचा नाही, हे उडण्याआधी सांगितलं का?

४. टेकऑफनंतर लगेच काही बिघडलं, तर कुठे उतरणार? चांगला पायलट समोरच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून उत्तर देईल.

५. वारा जास्त आहे, आज नको, असं म्हणून सफर रद्द करण्याची इथे पद्धत आहे का? पैसे परत मिळतात का?

शेवटचा प्रश्न पैशांचा वाटतो, पण तो सुरक्षेचाच आहे. रद्द करणं जिथे परवडत नाही, तिथे ‘एक सेकंद थांबू, जमेल’ म्हणणारा पायलट भेटण्याची शक्यता जास्त असते.

आणि सीटवर बसल्यावर फोन खिशात ठेवलेला बरा. पायलट यादी म्हणत असताना त्याच्याशी बोलू नका, सेल्फीसाठी हाक मारू नका. त्या मिनिटभरात तो ब्रेकचा दांडा, कॅनॉपीची कडी आणि उतरण्याची जागा तपासत असतो. शहराचा व्हिडीओ वर गेल्यावरही काढता येतो.